पानाच्या माथ्यावरचं नाव

सोमवार, ९ जानेवारी १९७८

आज माझं टेबल टायपिंग हॉलमधून उचलून तिसऱ्या मजल्यावर, प्रोग्रामर लोकांच्या रांगेत मांडलं. सहा वर्षं मी त्या हॉलमध्ये टाइपरायटर बडवला. आता माझ्यासमोर कॉम्प्युटरचं टर्मिनल आहे, पडदा आणि कळा. अख्ख्या लॅबमध्ये टर्मिनलवर बसणारी टायपिस्ट मी एकटीच. दुपारी घरी फोन केला तर आई म्हणाली, "वांडा, शेफारू नकोस." उशीर झाला, आई.

शेजारी आर्नी लिंडक्विस्ट बसतो. छातीपर्यंत दाढी आणि बर्फातही पायात सँडल. गेले तीन महिने जेवणाच्या सुट्टीत त्यानेच मला कमांड शिकवल्या. त्याचे आभार मानले, वर यायला माझं नाव त्यानेच सुचवलं असणार. तो म्हणाला, "मी कुठे? नाव खालूनच आलं होतं." विनय दाखवतोय झालं.

गुरुवार, १२ जानेवारी

काम मिळालं, आणि तेही मिसेस ऑर्डवेंचं! म्हणजे वर येऊनही सुटका नाही.

मिसेस ऑर्डवे टायपिंग हॉलच्या मुख्य. चौतीस वर्षं झाली त्यांना या लॅबमध्ये. आपण टाइप केलेलं प्रत्येक पान त्या पोलादी पट्टीने मोजतात. वर एक इंच, डावीकडे दीड. इंचाचा आठवा हिस्सा जरी चुकला तरी पान परत. मला बोटं कशी ठेवायची तेही त्यांनीच शिकवलं, हे मान्य. पण म्हणून जन्मभर पट्टी खायची का?

प्रकरण असं आहे. नऊ फेब्रुवारीला बारा साहेबांची समिती बसणार आहे. हॉलमध्ये उरलेल्या नऊ बायकांना टर्मिनल शिकवायचं, की एप्रिलपासून घरी बसवून काम बाहेर द्यायचं, हे तिथे ठरेल. मिसेस ऑर्डवेंनी बायकांच्या बाजूने तेवीस पानांचा अहवाल लिहिलाय. तो मी मशिनवर चढवून मशिनवरच छापायचा. त्या म्हणाल्या, "टायपिस्ट हे करू शकते, हे त्यांना कागदावरच दिसू दे. वांडा, तू आमचा नमुना आहेस."

मला नमुना म्हणवून घ्यायला आवडलं. खोटं कशाला लिहू?

सोमवार, २३ जानेवारी

आज माझी जाहीर फजिती झाली. मिसेस ऑर्डवे माझी पहिली चार पानं घेऊन वर आल्या, पट्टी घेऊन. आर्नी आणि आणखी तिघे बघत असताना त्यांनी पानाच्या माथ्याला पट्टी लावली.

"वर पाऊण इंच सोडलास. एक इंच लागतो."

"मिसेस ऑर्डवे, इथे इंच नसतात. ओळी मोजतात. एका पानाला सहासष्ट."

"मग सहा ओळींचा एक इंच. भागाकार येतो ना? आणि पान दुसऱ्याच्या हातात देण्याआधी स्वतःच्या हातात घ्यावं. आधी माथा बघावा, मग मजकूर. कितीदा सांगितलं?"

सगळे हसले. मला हसत होते की त्यांना, कळलं नाही, पण माझे कान तापले. त्या गेल्यावर मी फाईलचं नाव बदलून ठेवलं 'खवटम्हातारी'. मध्ये जागा सोडता येत नाही म्हणून एका दमात. आर्नी बघून खो खो हसला. त्याच्या एका फाईलचं नाव साहेबाच्या टकलावरून आहे. इथे सगळेच असली नावं ठेवतात, ती मशिनच्या पोटात राहतात. फाईलचं नाव कोण बघतंय?

आता रोज मशिन चालू केलं की पहिल्यांदा ते नाव दिसेल आणि मला गार वाटेल.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

झालं एकदाचं! काय धावपळ. सोमवार-मंगळवार बर्फाच्या वादळात लॅब बंद, काल रस्ते निम्मेच मोकळे. आज दोन वाजता समिती आणि सकाळी साडेनऊला माझ्याकडे एकही पक्कं छापील पान नाही. त्यात पानं मांडून देणाऱ्या मोठ्या कमांडने अहवालातल्या तक्त्यांचे रकाने एकमेकांत घुसवले. आर्नी म्हणाला, "तिला सोड. ओळी आहेत तशा ठेवून सरळ पी-आर मार." ही दोन अक्षरी कमांड भोळी आहे. मजकुराला हात लावत नाही. नुसती सहासष्ट ओळींची पानं पाडते, वर-खाली थोडी जागा सोडते आणि प्रिंटरकडे ढकलते. मी पडद्यावर तक्ते तपासून घेतले होते, एकही आकडा हललेला नव्हता. बारा प्रती सोडल्या.

प्रिंटर तळघरात. पूर्वी असतं तर स्वतः धावत गेले असते. पण आता मी वरच्या मजल्यावरची. कागदाचे गठ्ठे उचलणं आता माझं काम नाही. खाली फोन केला, "मिसेस ऑर्डवे, तुमचा अहवाल काउंटरवरून घेऊन जा." त्या बरं म्हणाल्या.

साडेबाराला वाटलं, जाऊन कौतुक ऐकून यावं. हॉलचं दार आतून बंद. जेवणाच्या वेळी! आतून धाड, धाड असा आवाज येत होता. मी दोनदा ठोठावलं. आवाज थांबला, कुणी दार उघडलं नाही, मी वळले तर पुन्हा सुरू. कँटीनमध्येही नऊपैकी एकही नव्हती. बर्निस तर कधी जेवण सोडत नाही, आज मीटबॉल होते.

जळतात माझ्यावर, दुसरं काय.

शुक्रवार, १० फेब्रुवारी

आज काय पाहिलं ते लिहूनच टाकते.

सकाळी अहवालाची एक प्रत स्वतःसाठी काढली, आईला दाखवायला. या वेळी उचलायला खाली मीच गेले. पहिल्या पानाच्या माथ्यावर तारीख, वेळ, मग 'खवटम्हातारी', मग 'पान १'. उलटलं. 'खवटम्हातारी, पान २'. तेवीसच्या तेवीस पानांवर.

पी-आर ही कमांड प्रत्येक पानावर फाईलचं नाव छापते. हे मला माहीत नव्हतं असंही म्हणता येणार नाही. आर्नीने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं आणि वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. आडवी रेघ, त्यापुढे एच, त्यापुढे हवा तो मथळा दिला की फाईलचं नाव छापलं जात नाही. माझी बुद्धी चरायला गेली होती.

बारा प्रती. तेवीस पानं. दोनशे शहात्तर वेळा. बारा साहेबांसमोर. आणि त्यांच्यामध्ये त्या बसलेल्या असणार, त्यांचा राखाडी सूट घालून.

मी सकाळभर बायकांच्या स्वच्छतागृहात बसून होते. खाली जाऊन पाय धरायला हवे होते. नाही गेले. डोकं दुखतंय सांगून दोन वाजता घरी आले. आईने सूप केलं. ते प्यायलेसुद्धा.

सोमवार, १३ फेब्रुवारी

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तशी माझी गत. जिन्यात पावलं वाजली की वाटे, आलं बोलावणं.

अकरा वाजता समितीचे अध्यक्ष मिस्टर क्विनलन स्वतःच माझ्या टेबलाशी आले. मी उभी राहिले.

"मिस कोसिक, अहवाल सुरेख उतरलाय. ते तक्ते! अशी टायपिस्ट मशिनवर बसू शकते हे मला पटलं."

"थँक यू, सर."

"फक्त त्या तुमच्या ऑर्डवेबाईंना सांगा, कागद कापायला चष्मा लावा म्हणावं. वरचा समासच उडवलाय! मजकूर थेट कडेला टेकलेला. प्रत्येक पान बुटकं. एवढा पट्टीचा तोरा मिरवतात आणि चौतीस वर्षांनी सरळ कापता येत नाही. मी सगळ्यांसमोर म्हटलंही तसं."

"त्या काय म्हणाल्या?"

"काय म्हणणार? 'माझी चूक' म्हणाल्या. वय झालं हो."

"हो ना," मी म्हणाले. "वय झालंय." आणि हसले.

बुटकी पानं! म्हणजे प्रिंटरच्या कागदाच्या कडांची भोकाभोकांची पट्टी काढताना त्यांनी चुकून वरचाही भाग कापला आणि नाव त्यातच गेलं. कुणी पाहिलंच नाही. देव पावला! खाली येताना जिन्यात मिसेस ऑर्डवे भेटल्या. अंगठ्याला जाडजूड पट्टी बांधलेली, गाडीचं दार लागलं असेल. "तक्ते चांगले आले, वांडा," म्हणाल्या. मी मनातल्या मनात त्यांच्या अधू नजरेचे आभार मानले.

शुक्रवार, १७ फेब्रुवारी

निकाल लागला. नऊच्या नऊ बायकांना टर्मिनल शिकवणार, तीन-तीनच्या गटाने, आणि शिकवणार मी. कुणीही घरी जात नाही.

मिसेस ऑर्डवे मात्र जातायत. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं बाकी होती. समितीचं म्हणणं, हॉलला आता नव्या नजरेची गरज आहे. ३१ मार्च शेवटचा दिवस. वाईट वाटलं, पण खरं सांगू? थोडं सुटल्यासारखंही वाटलं. आता कोण पट्टी लावणार?

सोमवार, २७ फेब्रुवारी

वरचं पान फाडून टाकावंसं वाटतंय. नाही फाडणार. राहू दे, माझं तोंड मला दिसू दे.

आज पहिला वर्ग. बर्निस आणि आणखी दोघी. बर्निस म्हणजे हॉलची तोफ. जे मनात तेच तोंडात. फाईल उघडणं, मिटवणं झालं, मग मी छापण्यावर आले. मोठ्या ऐटीत म्हणाले, "पी-आर कमांड प्रत्येक पानाच्या माथ्यावर तारीख, फाईलचं नाव आणि पानाचा आकडा टाकते."

तिघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"माहीत आहे गं आम्हाला," बर्निस म्हणाली. "दोनशे शहात्तर वेळा वाचलंय."

माझ्या हातातला खडू खाली पडला.

"उचल तो. तुला काय वाटलं, कागद आपोआप बुटके झाले? साडेदहाला त्या गठ्ठा घेऊन आल्या. पहिलं पान बघितलं. आम्ही सगळ्या बघत होतो. मी म्हटलं, चला वर, त्या बयेच्या झिंज्या धरून खाली आणते. त्या म्हणाल्या, 'बस खाली, बर्निस. दार लाव.'"

"मग?"

"मग काय मग? मग कापत बसलो. तो एक जुना कटर, दहा पानं एका वेळी, एकीने पट्टी धरायची, एकीने दांडा हाणायचा. माथे उडवले, प्रती पुन्हा लावल्या. कुणी घास खाल्ला नाही. आणि तू बाहेरून दार ठोठावत होतीस, महाराणी!"

मी विचारलं, "पण त्यांनी समितीला खरं का नाही सांगितलं? माझं नाव का नाही घेतलं?" विचारताना माझा आवाज लहान मुलीसारखा निघाला.

"तेच मी विचारलं. तर म्हणाल्या, 'हे पान त्यांच्या हाती गेलं तर ते वांडाला नाही हसणार. म्हणतील, टायपिस्टच्या हातात मशिन दिलं की हे असं होतं. मग तुम्ही नऊजणी एप्रिलमध्ये घरी.' अंगठा कापला तरी थांबल्या नाहीत. तुला वर पाठवा असा अर्जही त्यांनीच केला होता, कळलं का? आम्हा सगळ्यांना सोडून तुझ्यासाठी."

मग वहीवर पेन्सिल आपटून म्हणाली, "हं, शिकव पुढे. आडवी रेघ आणि काय?"

मी शिकवलं. कसं, ते विचारू नका. सगळा वेळ मला क्विनलनसमोरचं माझं हसू आठवत होतं. 'हो ना, वय झालंय.' जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात. घेत नाही ती. शिकवत उभं राहावं लागतं.

गुरुवार, २ मार्च

तीन दिवस खाली जायला निघते आणि जिन्यातून परत येते. काल दारापर्यंत गेले. त्या म्हणाल्या, "काही काम होतं?" मी म्हणाले, "नाही, दौतीची शाई... म्हणजे टाइपरायटरची रिबन हवी होती." रिबन दिली त्यांनी. टर्मिनलवाल्या बाईला रिबन!

सोमवार, ६ मार्च

आज बोलले. हॉल जेवायला गेला होता, त्या एकट्या सँडविच खात होत्या.

"मिसेस ऑर्डवे, ते नाव मी ठेवलं होतं."

"दुसरं कोण ठेवणार? तुझ्याच टर्मिनलवरून आलं ना."

"मी आत्ता क्विनलनसाहेबांकडे जाते. सगळं सांगते. तुमची दोन वर्षं..."

"खबरदार." सँडविच खाली ठेवलं त्यांनी. "कापलेला कागद जोडायला जाऊ नकोस. तुझं मन हलकं होईल आणि माझ्या नऊ पोरींच्या पोटावर पाय येईल. अजून सहाजणींचे वर्ग व्हायचेत. त्यांच्या कागदांवर सही नाही झालेली."

"मग मी काय करू? माफी तरी..."

"माफी मागून काय करणार? माझा समास परत येणार का?" त्या खिडकीकडे वळल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरा हलला होता. "सगळ्यांसमोर म्हणाला गं तो, सरळ कापता येत नाही. मला."

मी रडायला लागले. त्यांनी रुमाल दिला नाही. बरं झालं. थोड्या वेळाने म्हणाल्या, "रोज चार वाजता येत जाईन वर. मला शिकव ते. शेवटच्या चार आठवड्यांत काय करायचं असतं नाहीतरी?"

मंगळवार, १४ मार्च

त्या रोज येतात. चार म्हणजे चार. पाठ ताठ, मनगटं उचललेली, बोटं माझ्यापेक्षा जलद. प्रत्येक कमांड वहीत लिहून घेतात आणि मला उलटे प्रश्न विचारतात. आज विचारलं, "मथळा दिला नाही तर मशिन नाव का टाकतं?"

"पानं सांडली, मिसळली, तर कुठलं कुणाचं ते कळावं म्हणून."

"शहाणं आहे मशिन," म्हणाल्या. एवढंच. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही आणि माझा चेहरा मात्र भाजला. आर्नी हल्ली चार वाजले की उठून कॉफीला जातो. त्यालाही कळलंय वाटतं. काल त्याने टकलावरच्या फाईलचं नाव बदललं.

शुक्रवार, ३१ मार्च

कँटीनमध्ये केक होता. क्विनलन छान बोलले. नऊ बायकांच्या कागदांवर परवा सह्या झाल्या, तेही त्यांनीच सांगितलं. टाळ्या पडल्या. मिसेस ऑर्डवेंनी राखाडी सूट घातला होता. केकचे तुकडे त्यांनीच केले. अगदी सारखे. मी मोजत होते आणि क्विनलन नुसते खात होते.

त्याआधी तीन वाजता त्या वर आल्या. हॉलसाठी नियम लिहिले होते, दोन पानं, स्वतः टर्मिनलवर टाइप केलेले. "दहा प्रती काढ. मला तळघराचे जिने नको वाटतात आज."

मी फाईलींची यादी पडद्यावर आणली. त्यांच्या नावाखाली एकच फाईल होती. 'खवटम्हातारी'.

मला वाटलं, माझीच जुनी राहिली. मग तारीख पाहिली. आजची.

"मिसेस ऑर्डवे, हे नाव... वर छापलं जाईल."

"ठाऊक आहे. तूच शिकवलंस."

"मी मथळा बदलते. आडवी रेघ, एच, 'टायपिंग हॉलचे नियम' असं..."

"वांडा." पट्टीने बोलावं तसा आवाज. "पानं सांडली तर कुणाची ते कळायला हवं. आहे तसं जाऊ दे."

माझी बोटं कळांवर होती. पी, आर, मग ते नाव. मला स्वतःच्या हाताने पुन्हा ते पूर्ण टाइप करावं लागलं, एकेक अक्षर, आणि त्या मागे उभ्या होत्या. एकही चूक झाली नाही. त्यांनीच शिकवलेली बोटं.

फोन केला नाही. तळघरात मीच गेले. काउंटरवरून गठ्ठा उचलला, घड्या सोडवल्या, कडेच्या भोकांच्या पट्ट्या काढल्या, आणि प्रत्येक पान हातात घेऊन आधी माथा पाहिला. पहिला नियमही तोच होता: पान दुसऱ्याच्या हातात देण्याआधी स्वतःच्या हातात घ्यावं. वीस पानं, वीस वेळा ते नाव.

हॉलमध्ये वाटल्या प्रती. बर्निसने वाचलं, माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि प्रत नीट आपल्या वहीत ठेवली. मिसेस ऑर्डवेंनी हातमोजे घातले, पट्टी पर्समध्ये टाकली आणि गेल्या. अंगठ्यावर पांढरा वण दिसत होता.

दहावी प्रत माझी होती. ड्रॉवरमध्ये मी ती पालथी ठेवली होती. घरी निघताना परत गेले आणि सुलटी केली.